१४४१६ आणि गुरुवारची ओपीडी : अम्माच्या दहा महिन्यांचा अनुभव

टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. हॉटेलचं, दुकानाचं परीक्षण मी कधी लिहिलेलं नाही. हे लिहितोय, कारण गेल्या दहा महिन्यांत ज्या दोन सरकारी सेवा आमच्या घराला उपयोगी पडल्या, त्या आहेत हेच सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीत आमच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एक म्हणजे टेलि-मानस ही मनाच्या आजारांसाठीची फोनवरची सेवा, नंबर १४४१६. दुसरी, जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात दर गुरुवारी चालणारी मानसोपचाराची ओपीडी. त्या रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या काही गोष्टींबद्दल मला तक्रार आहे आणि ती तिथे राबणाऱ्या चार-पाच माणसांच्या अंगावर जावी असं मला वाटत नाही.

आधी अम्माबद्दल, म्हणजे माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, शाळा मराठी. अम्मा ६३ वर्षांची आहे आणि चाळीस वर्षं विड्या वळते. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. मग पान, चिमूट, एक वळसा, दोरा. तोंडानं आमच्याशी बोलणं चालू, नजर दारातून गल्लीत, आणि हात आपले चालूच. दिवसाला हजार विडी. पंचवीसची जुडी बांधताना तिला मोजताना मी कधी पाहिलं नाही, तिच्या बोटांनाच कळायचं.

२०२३ च्या नोव्हेंबरात बापू, माझे वडील, गेले. रात्रीच गेले, हृदयविकारानं. घरातले दिवस झाले, पाहुणे परतले, मी कामावर जायला लागलो. फेब्रुवारीपासून अम्माची झोप उडाली. सुरुवातीला तीनला उठायची, मग एकला, मग अंथरुणावर पाठच टेकेना. छातीत धडधड, पोटात आग, हातापायांना मुंग्या. मार्चमध्ये सुपात कापलेली पानं तशीच वाळून गेलेली दिसायला लागली. वाळलेलं पान वाया जातं आणि पान विडी कारखान्यातून मोजूनमापून मिळतं. चाळीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. जुडीत कधी तेवीस विड्या, कधी सत्तावीस. तिथे छाट, म्हणजे नापास विड्या, जास्त निघायला लागली. हे मला दिसत होतं, पण दुःखात माणसाचं कामावरून लक्ष उडतं, एवढंच मी समजलो.

आम्ही छातीच्या मागे लागलो. ईसीजी, टू-डी इको, शुगर, थायरॉइड, एन्डोस्कोपी. सगळं नॉर्मल. अडीच महिन्यांत एका खाजगी दवाखान्यातून दुसऱ्यात असं करत १३,८५० रुपये गेले, वहीत तारखांसह लिहिलेले आहेत. प्रत्येक ठिकाणी अम्मा एकच सांगायची, "निद्र वस्तलेदु." झोप येत नाही. आणि डॉक्टरांना मराठीत सांगताना मी धडधड आधी सांगायचो, कारण मला तीच मोठी वाटायची. बापूंचं हृदयानं झालेलं, माझ्या डोक्यात दुसरं काही येतच नव्हतं.

शेवटी एका डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणून सांगितलं. रिक्षात बसल्यावर अम्मानं विचारलं, "मला येरवड्याला टाकणार काय?" आपल्याकडे मनाचा आजार म्हटलं की येरवडा. शाळेत आम्ही पोरं एकमेकांना त्याच नावानं चिडवायचो. तिला काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही, आणि पुढचे वीस दिवस आम्ही कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलो नाही.

मग मे महिन्यातली ती रात्र. दिवसभर ऊन भाजून काढत होतं, रात्रीही भिंती गरम. दोनच्या सुमाराला मला जाग आली तर अम्मा बाहेर ओट्यावर अंधारात बसलेली. पाणी दिलं तर घेतलं नाही. म्हणाली, "मी आता कशाला आहे इथं?" एवढंच. मी मनातून हादरलो. माझी मुलगी अकरावीत आहे, ती उठून आली. तिच्या कॉलेजात भिंतीवर १४४१६ चं पोस्टर होतं, तिनं आपल्या मोबाइलवरून नंबर लावून माझ्या हातात दिला. दोन वाजता कुणी उचलेल असं मला वाटलं नव्हतं.

आधी भाषा निवडायला सांगितलं, मराठीचं बटण दाबलं, आणि एका बाईंनी फोन घेतला. आवाज तरुण होता. मी घाईघाईनं धडधडीपासून सुरुवात केली. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "दादा, आजी जवळ आहेत का? फोन स्पीकरवर टाका, आपण त्यांनाच विचारू." मग झोप, जेवण, काम, बापू कधी गेले, हे सगळं त्यांनी अम्माला एकेक करून विचारलं. अम्मा थोडं मराठीत, थोडं तेलुगूत सांगत होती, तेलुगू मी आणि मुलगी मराठीत करून सांगत होतो. आणि मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "आजी, जीव संपवावा असं मनात येतं का?"

मी फोन बंद करणार होतो. आईला हे विचारतात का? पण अम्मा म्हणाली, "येतं. रोज नाही. रात्री येतं." तीन महिने मी तिच्याशेजारी झोपत होतो आणि मला हे माहीत नव्हतं. त्या बाई दचकल्या नाहीत, उपदेश केला नाही. असं विचारल्यानं विचार वाढत नाही, उलट बोलल्यावर माणूस थोडा मोकळा होतो, हे त्यांनी मला समजावलं. आज रात्री आजींना एकटं ठेवू नका, घरातल्या औषधांचा डबा तुमच्या ताब्यात ठेवा, परवा गुरुवार आहे, ओपीडीला न्याच. ठिकाण, वेळ, खोली कुठे विचारायची, सगळं सांगितलं. फोन सदतीस मिनिटं चालला. शुक्रवारी त्यांच्याकडून परत फोन आला, आजी गेल्या का विचारायला. ह्या सेवेला मी पाचपैकी पाच देतो.

फोन फुकट, मग हे चालतं कशावर, हा प्रश्न मला माझ्या धंद्यामुळे पडणारच. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय टेलि-मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ही सेवा सुरू झाली. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था मुख्य केंद्र आहे, देशभरात ५३ टेलि-मानस केंद्रं आहेत. तरतूद अशी : २०२२-२३ ला १२०.९८ कोटी, २०२३-२४ ला १३३.७३ कोटी, २०२४-२५ ला ९० कोटी. संगणक, जागा, यंत्रणा उभी करायचा खर्च पहिल्या वर्षांत होतो आणि नंतर कमी होतो, हे मला कळतं. पण फोन घेणाऱ्या माणसांचे पगार त्या उभारणीच्या खर्चात धरायचे नसतात, ते दरवर्षी वाढणारच. रात्री दोनला त्या बाई तिथे होत्या, म्हणजे कुणीतरी रात्रपाळीचा पगार मंजूर केला होता. हा आकडा खाली जाताना बघून मला काळजी वाटते.

आता गुरुवारची ओपीडी. सकाळी साडेनऊला पोहोचलो तर आमच्या आधी चाळीसेक माणसं. केसपेपरला पैसे लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, हे खिडकीवर लावलेलं होतं. बाकावर आमच्या शेजारी दूरच्या तालुक्यातून पहाटेची एसटी धरून आलेलं जोडपं होतं, मुलगा विशीचा, हातात जुन्या कागदांची पिशवी. पलीकडे एक शिक्षक. मानसोपचार म्हटलं की कपडे फाडणारी माणसं असतील असं अम्माच्या डोक्यात होतं. तिथे सगळी आमच्यासारखीच. तिनं मला हळूच विचारलं, "ह्यांना पण झोप येत नाही?" निम्हान्सनं २०१५-१६ ला १२ राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचं निघालं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. दहात एक म्हणजे आमच्या गल्लीतच किती घरं झाली.

डॉक्टर मॅडमना एका माणसाला फार तर आठ-दहा मिनिटं देता येतात. पण त्यांनी ती मिनिटं कशी वापरली ते सांगतो. अम्मा काय काम करते ते ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "आधी दिवसाला किती विड्या व्हायच्या? आता किती होतात?" अम्मा म्हणाली, हजार, आता दोनशेसुद्धा नाही. मॅडमनी केसपेपरवर औषधाच्या वरती लिहिलं : विड्या २००. पुढच्या प्रत्येक वेळी तोच पहिला प्रश्न. जूनमध्ये २५०, जुलैत ४००, ऑगस्टमध्ये परत ३००. उदास वाटतं का, ह्या प्रश्नाला अम्माकडे उत्तर नव्हतं. विड्यांच्या आकड्याला होतं.

गोळी दिली एसिटालोप्रॅम, नैराश्यावरची, रात्री घ्यायची, आणि झोपेसाठी थोडेच दिवस दुसरी अर्धी. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, पहिले दिवस मळमळेल, घाबरून सोडू नका, असं बजावून सांगितलं. हे सांगितलं नसतं तर आम्ही पाचव्या दिवशी गोळी बंद केली असती, कारण पाचव्या दिवशी अम्मा जेवण टाकून उठली होती.

पण ओपीडीतली सर्वांत मोठी गोष्ट औषधाची नव्हती. तिसऱ्या खेपेला समाजसेविका ताई अम्माशी बोलायला बसल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की अम्मा माझ्याकडे बघून बोलते. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं, तिला मराठी पुरतं येत नाही. तर त्यांनी वॉर्डातल्या एका मावशींना बोलावून घेतलं, त्या आपल्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू. मी पाऊण तास बाहेर उभा होतो. दाराला पडदाच आहे, त्यामुळे अम्माचं रडणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. बापू गेले तेव्हासुद्धा ती एवढी रडली नव्हती.

आत काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अम्मानंच गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी सांगितलं. बापू गेले त्या रात्री त्यांनी तिला हाक मारली असणार असं तिला वाटतं. त्या दिवशी हजाराऐवजी बाराशे विड्या झालेल्या, दमून ती गाढ झोपली होती. सकाळी उठली तेव्हा ते गार पडले होते. त्यानंतर डोळा लागायला लागला की तिला हाक ऐकू यायची आणि ती उठून बसायची. मी सगळ्या डॉक्टरांना "झोप येत नाही" एवढंच भाषांतर करून देत होतो. मुलासमोर तिला हे सांगता येणार नव्हतं, आणि मधे मुलगाच बसलेला.

म्हणून माझी पहिली मागणी ही आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एका चौकात राहतात. अक्कलकोटकडे कन्नडशिवाय म्हाताऱ्या माणसांचं पान हलत नाही. अशा जिल्ह्यात मानसोपचाराच्या पैशांत दुभाष्याचं, नाहीतर निदान ह्या भाषा येणाऱ्या समुपदेशकाचं पद हवंच. त्या दिवशी वॉर्डातल्या मावशी आपलं काम सोडून आल्या. त्यांना त्याचा मोबदला नाही, शिक्षण नाही, आणि त्या रजेवर असत्या तर अम्माचं बोलणं आतच राहिलं असतं. तो पडदा काढून दारही बसवायला हवं. बाकावरच्या माणसाला आतलं रडणं ऐकू येता कामा नये.

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि इथे मी त्या रुग्णालयाला दोनच गुण देईन. दहा महिन्यांत तीनदा औषधाच्या खिडकीवर "ही संपलीय, बाहेरून घ्या" असं उत्तर मिळालं. आम्ही बाहेरून घेऊ शकतो. जनऔषधी केंद्रात ती बाजारापेक्षा खूप स्वस्त मिळाली. पण ते दूरच्या तालुक्यातलं जोडपं एसटीचं भाडं कसंबसं जमवून आलेलं असतं. त्यांचा मुलगा गोळीशिवाय परत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबरात आमच्याकडेही चूक झाली. खिडकीवर गोळी नव्हती, कारखान्यात दिवाळीच्या ऑर्डरची घाई होती, अम्मा बरी दिसत होती, म्हणून मी उद्या आणू, परवा आणू करत नऊ दिवस घालवले. अम्माला चक्कर यायला लागली, डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय म्हणायला लागली, रात्री परत उठून बसली. १४४१६ ला फोन केला, त्यांनी त्यांच्या डॉक्टरांशी जोडून दिलं. ही गोळी एकदम बंद करायची नसते, बंद करायची वेळ येईल तेव्हा हळूहळू कमी करतात, हे त्यांनी सांगितलं आणि त्याच दिवशी परत सुरू करायला लावली.

ह्यावर कायदा आहे, तो सगळ्यांना माहीत असावा म्हणून लिहितो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा आहे, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या कलम १८ नुसार सरकारी खर्चानं चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा आपला हक्क आहे. त्याच कलमात असं आहे की आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारावरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत सदा सर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत. एसिटालोप्रॅम राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत आहे. मी कलमाची मराठी प्रत काढून खिडकीवर नेली. तिथल्या भाऊंनी ती शांतपणे वाचली आणि मागणीचं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. मागणी वेळेवर गेली होती, पुरवठाच आला नव्हता. त्यांच्याशी भांडून काय उपयोग?

पैसा कागदावर नाही असं नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, देशातल्या ७६७ जिल्ह्यांत तो मंजूर आहे, आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आखणीत एका जिल्ह्याला वर्षाला ८३.२० लाखांपर्यंत रक्कम धरलेली होती. मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समाजसेवक, परिचारिका असं पथक त्यात असायला हवं. आम्ही जातो तिथे सायकॉलॉजिस्टची खुर्ची दहा महिने रिकामी आहे, दारावर पाटी आहे. समाजसेविका ताई कंत्राटी आहेत, करार संपायच्या आधीच्या महिन्यात त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतं. अम्माला तीन वेळा त्यांनी ऐकून घेतलं म्हणून ती आज झोपते. पुढचा करार झाला नाही तर त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाला अम्मानं ती रात्र पहिल्यापासून सांगायची का?

कुणाला जायचं असेल तर सकाळी नऊच्या आधी पोहोचा, जुने सगळे कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या, पाणी आणि भाकरी बरोबर घ्या कारण दोन वाजतात. आई-वडिलांची भाषा तिथे कुणाला येते ते पहिल्याच दिवशी विचारा, आणि तुम्ही स्वतः थोडा वेळ बाहेर बसा. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी खिडकीवर चौकशी करा. नेणं जमतच नसेल, माणूस तयारच नसेल, तर आधी १४४१६ लावा. नाव न सांगितलं तरी ते बोलतात.

यंदा सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला अम्मा पायी गेली. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला शेजारणींबरोबर रस्त्यावर तीन तास उभी होती, येताना नातीला बांगड्या घेतल्या. रात्री साडेदहाला झोपते, पाचला उठते. मधे कधी जाग आली तर मला हाक मारते, पूर्वी मारत नव्हती. मागच्या गुरुवारी केसपेपरवर लिहिलं गेलं, विड्या ७००. मॅडम म्हणाल्या, हजार व्हायलाच पाहिजेत असं नाही, ह्या वयात सातशे पुष्कळ झाल्या. अम्मा म्हणाली, "जुडीत पंचवीस बरोबर येतात आता," आणि मॅडमनी तेही लिहून घेतलं.

खिडकीवर त्या दिवशी गोळ्या होत्या, पंधरा दिवसांच्याच दिल्या. उरलेल्यांसाठी येत्या गुरुवारी परत जायचंय, अर्ध्या दिवसाची रजा टाकून ठेवली आहे.